बाबा रात्री विचारतात, ‘माझा न्याय कसा होईल?’

प्रश्न थोडक्यात असा: वडील ७९ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. घराणं चार पिढ्यांचं प्रॉटेस्टंट ख्रिस्ती. यकृताचा कर्करोग आहे आणि डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलंय. दिवसा शांत असतात, पण रात्री अडीचच्या सुमारास उठून बसतात आणि मुलीला विचारतात, ‘माझा न्याय कसा होईल गं?’ भाऊ म्हणतो, त्यांच्यापुढे मरणाचा विषय काढायचा नाही. आत्या लग्न होऊन वसईच्या कॅथलिक घरात गेली. ती म्हणते, फादरांना बोलवून तेल लावून घ्या. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक गृहस्थ रोज येऊन ‘पश्चात्ताप केलात ना?’ विचारून जातात. मी काय बोलू, काय वाचू, कुणाचं ऐकू?

ताई, सलाम.

आधी भावाचं बोलू, कारण घरातली हवा तिथे कोंडली आहे. विषय काढायचा नाही म्हणतो, पण विषय बाबांनीच काढलाय, तोही रोज रात्री. आपण ऐकलं न ऐकलं केलं की ते विचारायचं बंद करतील, एवढंच होईल. मग छताकडे बघत एकटेच त्याच्याशी झगडत बसतील. भावावर चिडू नका. बाप जातोय हे त्याच्या गळी उतरत नाहीये.

मी छत्तीस वर्षं पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू होतो, बहुतेक नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि शेवटची काही वर्षं जालन्याकडे. किती जणांच्या उशाशी बसलो ते मोजलं नाही. पण ‘माझा न्याय कसा होईल’ या एकाच वाक्याच्या पोटात दर माणशी वेगळी गोष्ट निघते, हे बघितलंय. कुणाला बांधावरचा सरकवलेला दगड आठवत असतो, कुणाला सुनेला उपाशी झोपवलेली एक रात्र. एका मिलिटरीतल्या आजोबांना ७१ च्या लढाईतला एक चेहरा दिसायचा. म्हणून उत्तर द्यायच्या आधी विचारा: ‘बाबा, न्याय म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढे काय येतं?’ आणि मग गप्प बसा. पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत तरी गप्प बसा.

माझा आपला एक अंदाज सांगतो. जुन्या गुरुजींना न्याय म्हणजे दिपोटीची, म्हणजे शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाची, तपासणी वाटते. साहेब येणार, हजेरीपट उघडणार, खाडाखोड शोधणार आणि शेवटी शेरा मारणार. त्यात आपण मराठी मुलखात वाढलेलो. पिढ्या चार झाल्या तरी चित्रगुप्ताची वही डोक्यातून गेलेली नाही. एका बाजूला पाप, एका बाजूला पुण्य, शेवटी बेरीज. मी मंडळीत कितीतरी वेळा विचारून पाहिलंय. रविवार न चुकवणारी माणसंसुद्धा न्यायाचं वर्णन तराजूनेच करतात.

शास्त्रात, म्हणजे बायबलात, वह्या नाहीत असं नाही. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात पुस्तकं उघडली जातात आणि ज्याच्या त्याच्या कृत्यांप्रमाणे न्याय होतो. पण त्याच वचनात आणखी एक पुस्तक उघडतं, जीवनाचं. त्यात कृत्यांची यादी नाही, नावं आहेत. ख्रिस्ती माणसाचा धीर त्या दुसऱ्या पुस्तकावर असतो. आणि न्यायासनावर बसणार कोण? योहानाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, पित्याने न्याय करण्याचं सगळं काम पुत्राकडे सोपवलं आहे. म्हणजे ज्याच्या तळहातावर खिळ्यांचे वण आहेत तोच न्यायाधीश. ज्याने आपला खटला आधीच स्वतःच्या अंगावर घेतला, त्याच्यापुढे उभं राहायचं आहे. बाबांना एवढंच एक सांगता आलं तरी पुष्कळ झालं. दिपोटी अनोळखी असायचा. हा ओळखीचा आहे.

‘मग कृत्यांना किंमतच नाही का?’ असं शिक्षक माणूस विचारणारच. आहे. पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की प्रत्येकाचं काम अग्नीतून पारखलं जाईल. सोन्याचं बांधकाम टिकेल, गवत-पेंढा जळेल, पण ज्याचं जळेल तो स्वतः वाचेल, जणू आगीतून निघाल्यासारखा. कृत्यं तारत नाहीत, पण उघडी मात्र पडतात. आणि मत्तयाचा पंचविसावा अध्याय नीट वाचून पाहा. मेंढरं आणि शेरडं वेगळी केली जातात तिथे दोन्ही बाजूंची माणसं चकित होतात, इकडे आपलं लक्षच जात नाही. उजवीकडचे विचारतात, प्रभू, तुला भुकेला आम्ही कधी पाहिला? त्यांनी हिशेबच ठेवलेला नाही. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाने कुणाची फी गुपचूप भरली असेल, कुणा पोराला पायताण घेऊन दिलं असेल, आणि ते त्याच्या खिजगणतीतही नसेल. म्हणून बाबांना त्यांच्या चांगल्या कामांची यादी वाचून दाखवू नका. धीर द्यायच्या नादात आपणच परत तराजू काढून ठेवतो.

आता रात्री अडीचबद्दल. पंधराव्या शतकात युरोपात ‘आर्स मोरिएंदी’ म्हणजे मरण्याची कला या नावाच्या पुस्तिका फार चालल्या. प्लेगच्या थैमानानंतर धर्मगुरू कमी पडत होते, म्हणून सामान्य माणसाने सामान्य माणसाच्या उशाशी काय करावं ते त्यांत सांगितलेलं असायचं. एका आवृत्तीत अकरा लाकडी ठशांची चित्रं आहेत: मरणाऱ्याला घेरणारे पाच मोह, त्या प्रत्येकावर एकेक दिलासा, आणि शेवटी सुखाने गेलेला जीव. ते पाच मोह म्हणजे विश्वास डळमळणं, निराशा, अधीरपणा, ‘मी किती धार्मिक’ हा गर्व आणि मालमत्तेचा लोभ. पाचशेहून जास्त वर्षं झाली, पण यादीत भर घालावी असं काही मला नगरच्या खेड्यांत सापडलं नाही.

बाबांना रात्री भेटतो तो निराशेचा मोह. निराशा दिवसा येत नाही, घर झोपलं की येते. त्या पुस्तिकेत निराशेच्या मोहासमोर जी माणसं उभी केलीत ती बघण्यासारखी आहेत: येशूला नाकारणारा पेत्र, मग्दालिया मरिया, घोड्यावरून पडलेला पौल आणि येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेला तो अपराधी. सगळे बदनाम. अपराध्याकडे तर बाप्तिस्मा नव्हता, दानधर्म नव्हता, नुकसानभरपाई करायला वेळ नव्हता. ‘माझी आठवण कर’ एवढंच तो बोलला आणि ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे उत्तर मिळालं. लूकच्या तेविसाव्या अध्यायातल्या त्या चार ओळी रात्रीसाठी ठेवा. सबंध अध्याय नको.

रोज येणाऱ्या गृहस्थांना मात्र दारातच थांबवा. चहा द्या, प्रार्थनेबद्दल आभार माना आणि सांगा की बाबांचं बोलणं झालंय. हे मी अधिकाराने सांगतोय, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. नवीन होतो, सव्वीस-सत्तावीसचा. दवाखान्यातल्या सामान्य वॉर्डात एक बाई शेवटच्या अवस्थेत होत्या. मी खाटेशी उभा राहून अग्नीच्या सरोवरावर, म्हणजे नरकावर, बोलत राहिलो, शेजारच्या खाटांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. बाईंनी काही न बोलता तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पदर कानावर ओढून घेतला. त्या दुसऱ्या दिवशी गेल्या. तो पदर मला अजून दिसतो. माझ्या न्यायाच्या दिवशी तो बहुतेक निघेल. पश्चात्ताप हवाच, पण तो दुसऱ्याने रोज येऊन वसूल करायची गोष्ट नाही.

आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारे ‘मी नरक बघून आलो’ छापाचे व्हिडिओ आजारी माणसाच्या खोलीत लावू नका. येशूने मेलेल्यांतून उठवलेला लाजर चार दिवस कबरेत होता, पण त्याने तिकडचं एक अक्षर सांगितल्याचं शास्त्रात नाही.

आत्यांचं म्हणणं समजून घ्या, उडवून लावू नका. कॅथलिक लोक ज्याला पूर्वी ‘अंत्याभ्यंग’ म्हणत, त्याला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आजाऱ्याचा संस्कार असं रूप आलं. मरणाच्या घटकेचीच वाट बघायची नाही, गंभीर आजारातही घेता येतो. मूळ याकोबाच्या पत्रात आहे: कुणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी. पण फादर हा संस्कार साधारणपणे कॅथलिक माणसालाच देतात. इतर ख्रिस्ती माणसाला, मरण जवळ असताना, आपला पाळक मिळत नसेल, त्याने स्वतःहून मागितलं आणि त्या संस्काराबद्दल त्याची श्रद्धा कॅथलिकांसारखीच असेल तरच. बाबांना त्यांचे पाळक हाकेवर आहेत. बाबांना तेल हवं असेल तर याकोबाचं तेच वचन वाचून आपले पाळकही लावू शकतील. फक्त आधी बाबांना विचारा. संस्कार त्यांचा आहे, आत्यांचा किंवा तुमचा नाही.

परगेटरीचाही, म्हणजे मेल्यानंतरच्या शुद्धीकरणाचाही, वाद निघेल, अंत्यविधीनंतर हमखास. कॅथलिक शिकवण अशी की मरताच प्रत्येकाचा वैयक्तिक न्याय होतो. देवाच्या कृपेत मेलेला, पण पुरता शुद्ध न झालेला जीव शुद्धीकरणातून जातो, आणि जगाच्या शेवटी सर्वांचा न्याय होतो. परगेटरी ही दुसरी संधी नव्हे. तिथला प्रत्येक जण तारलेलाच असतो. म्हणून २ नोव्हेंबरला वसईत नि मुंबईत कबरींवर मेणबत्त्या लागतात, मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होते. आपण प्रॉटेस्टंट ती अवस्था मानत नाही. विश्वासणारा थेट प्रभूजवळ जातो आणि देहाचं पुनरुत्थान शेवटच्या दिवशी होतं, असं म्हणतो. फरक खरा आहे. पण बाबांच्या खाटेभोवती तो सोडवायचा नाही. आत्यांनी वसईत भावासाठी मिस्सा ठेवली तर ठेवू द्या.

एक मात्र दोघांनाही सांगावं लागतं. ‘आत्मा अमर, देह काय, कपड्यासारखा टाकायचा’ असं आपली माणसंही सर्रास बोलतात. मतांगिकार, म्हणजे आपण म्हणतो ती विश्वासाची कबुली, मात्र शरीराच्या पुनरुत्थानाचा आहे. म्हणून आजारी देहाला पुसणं, कूस बदलून देणं, ओठांना ओला बोळा लावणं यालाही भक्तीच म्हणायला मी बिचकत नाही. मॉर्फिनलाही घाबरू नका. दुखणं सोसल्याने न्याय सौम्य होतो असं कुठेही लिहिलेलं नाही. पोप बाराव्या पायसांनी १९५७ मध्येच सांगितलं होतं की वेदना थांबवण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला तरी ते घेता येतं. दहन की दफन यावरही डोकं शिणवू नका. कॅथलिक चर्चनेसुद्धा १९६३ मध्ये दहनावरची बंदी उठवली. बाबांना काय हवं ते विचारा आणि तसं करा.

आता मी ज्याला खरी तयारी म्हणतो ते. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, वेदीवर अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. लगेच पुढे: वादी कचेरीच्या वाटेवर तुझ्याबरोबर आहे तोवरच त्याच्याशी मिटवून घे. न्यायाच्या तयारीवर याच्याहून कामाचं वचन मला माहीत नाही. देवाशी समेट येशूने केलाय, त्यात आपण भर घालू शकत नाही. माणसांशी मिटवायचं मात्र आपल्या हातात आहे आणि ते वाटेतच होतं.

राहुरीकडचा एक म्हातारा आठवतो. विहिरीच्या पाळीवरून सख्ख्या भावाशी बावीस वर्षं बोलणं नाही, घरं मात्र हाकेच्या अंतरावर. जीव अडकला होता आणि घरच्यांना वाटत होतं, नातू मुंबईहून यायचा राहिलाय म्हणून. मी विचारलं तेव्हा म्हातारा भिंतीकडे, म्हणजे भावाच्या घराच्या दिशेला बघत राहिला. मी भावाकडे गेलो. तो आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, बैलाला पाणी पाजून येतो. आला तो चौकटीतच उभा, टोपी हातात. मग खाटेच्या कडेला टेकला. मला वाटलं, आता रडारड होणार, क्षमा मागणं होणार. तसलं काही झालं नाही. म्हाताऱ्याने कांद्याचा भाव विचारला. त्याने सांगितला. म्हातारा म्हणाला, लवकर काढला तू. तो म्हणाला, हो, थोडा लवकरच झाला. अर्धा तास हेच चाललं. उठताना भावाने पांघरूण पायावर नीट केलं आणि ‘येतो’ म्हणाला. मी प्रार्थना करणार होतो, पण केली नाही. झाली होती ती.

तेव्हा बाबांना विचारा, कुणाला भेटावंसं वाटतं का? कुणाचं काही द्यायचं राहिलंय का? बायबलातला जकातदार जक्कय म्हणाला होता, कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. बाबांकडून चौपट व्हायचं नाही, पण तुमच्या हातून निरोप पोचवता येतो, फोन लावून कानाला धरता येतो. दुसऱ्या बाजूने नकार आला तर तो बाबांना रंगवून सांगू नका. त्यांनी हात पुढे केला, एवढंच सांगा.

पाचव्या मोहाचं, लोभाचं, थोडं कोरडं बोलतो. मरणाऱ्यापेक्षा तो घरच्यांनाच जास्त घेरतो. मृत्युपत्र नसेल आणि बाबा पूर्ण भानावर असतील तर या आठवड्यात करून घ्या. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही द्यायचंय तो किंवा त्याची बायको-नवरा साक्षीदार नको, नाहीतर त्याला दिलेलं रद्द ठरतं. मृत्युपत्र नसलं तर आपल्याला १९२५ चा उत्तराधिकार कायदा लागतो: आईला एक तृतीयांश, बाकीचं मुलांत सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. दहाव्या दिवशी बहिणींपुढे हक्कसोडपत्राचा कागद ठेवणारे विश्वासू भाऊ मी पाहिलेत, प्रार्थना करून ठेवणारे! तुमचा भाऊ तसा आहे असं मी म्हणत नाही. बोलणं बाबांच्या डोळ्यांदेखत झालं की बरं असतं, एवढंच.

मंडळीला काही द्यावं असं बाबांच्या मनात आलं तर? जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाने धर्मकार्याला काही ठेवायचं तर मृत्युपत्र मरणाच्या निदान बारा महिने आधी केलेलं लागे. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केलं. कायद्याची आडकाठी आता नाही. पण मी स्वतः मरणखाटेवरचं दान कधी घेतलं नाही. १५१७ मध्ये धर्मसुधारक ल्यूथरने जो तंटा मांडला तो मेलेल्यांच्या भीतीवर पैसा गोळा करण्यावरूनच. भीतीने सुटलेली मूठ मला घ्यायची नाही.

तयारी म्हणजे सगळं सोडून डोळे मिटून पडणं, असंही नाही. केडगावच्या पंडिता रमाबाई बघा. जुलै १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. स्वतःची तब्येत ढासळलेली. तरी मराठी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी हातातून ठेवलं नाही, आणि ते पुरं होता होता ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. बाबांचा हात चालत असेल आणि कुणा जुन्या विद्यार्थ्याला चार ओळी लिहायच्या असतील, तर कागद द्या.

काय वाचायचं ते सांगतो. थोडं आणि तेच ते. आजारी माणसाला नवं काही पेलत नाही. लहानपणी पाठ केलेलं वर येतं. म्हणून जुन्या भाषांतराचं, त्यांच्या स्वतःच्या खुणा असलेलं शास्त्र घ्या, मोबाइल नको. तेविसावं स्तोत्र हळू वाचा. त्यात एक बारीक गंमत आहे, गुरुजींना आवडेल. सुरुवातीला दावीद मेंढपाळाविषयी बोलतो: तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. मृत्युछायेच्या ओळीपाशी आला की ‘तो’ सुटतो आणि ‘तू’ येतो, कारण तू माझ्याबरोबर आहेस. आजवर देवाविषयी बोलत आलेला माणूस तिथे देवाशी बोलू लागतो. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकातलं त्यांच्या आवडीचं एखादं पद म्हणा, सूर लागला नाही तरी चालेल. पाळकांना सांगून घरीच प्रभुभोजन ठेवा. गिळवत नसेल तर भाकरीचा कण रसात भिजवून ओठाला लावला तरी पुरतं.

शेवटच्या दिवसांत श्वास बदलतो. मोठे श्वास, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा. घाबरून हलवू नका, हाका मारू नका. ऐकू येतंय असं धरूनच खोलीत बोला. जेवणाचा, गाडीचा, शवपेटीचा हिशेब बाहेर करा.

आज रात्री ते उठून बसले की मोठा दिवा लावू नका. पाणी हवं का विचारा, पाठीला उशी द्या आणि वर लिहिलाय तो प्रश्न विचारा. जे सांगतील ते सुधारू नका. एखादी गोष्ट अशी निघाली की तुम्हाला पेलत नाही, तर ‘बाबा, हे मी पाळकांना सांगू का, की तुम्ही सांगाल?’ असं विचारा. आणि एखादी रात्र भावाला त्या खोलीत झोपू द्या. सकाळी त्याला काय झालं म्हणून विचारू नका.